गुणफलकाची उघडझाप



यंदाच्या आंतरशालेय प्रश्नमंजूषेत सभागृहाच्या भिंतीवर जो गुणफलक दिसत होता, तो आपल्याच शाळेतील नववी-दहावीच्या मुलांनी तयार केला होता, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण स्पर्धेच्या बारा दिवस आधी, पहिल्या रंगीत तालमीत, तोच फलक दोन मिनिटेसुद्धा पाहवत नव्हता, हे त्या दिवशी हजर असलेल्या मोजक्या मंडळींनाच माहीत आहे. उत्तरासाठी दिलेल्या तीस सेकंदांची उलटी मोजणी सुरू झाली, की अख्खी भिंत थडथडू लागे. ट्यूबलाइटचा स्टार्टर बिघडल्यावर खोलीतला उजेड जसा उघडझाप करतो, अगदी तसे.

तालमीला आलेल्या विश्वस्तांपैकी एकांनी लगेच विचारले, "यंत्र जुने झाले का? तसे असेल तर नवे घेऊ. चार शाळांसमोर शोभा नको." दुसऱ्यांच्या मते प्रोजेक्टरची केबल खराब असावी, आणि नवी केबल तर त्याच संध्याकाळी आलीसुद्धा. ती सध्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडते आहे. उघडझाप मात्र तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी एका आईची चिठ्ठी आली. त्यांची मुलगी आपल्या संघात निवडली गेली होती. तिला लहानपणी आकडी येत असे आणि लखलखणाऱ्या दिव्यांपासून तिला जपायला डॉक्टरांनी सांगितले होते. भिंत अशीच लखलखणार असेल तर तिच्या जागी दुसऱ्या कोणाला घ्यावे, असे त्यांनी लिहिले होते.

नव्या यंत्राचा प्रश्न चार दिवस थांबू शकत होता, चिठ्ठीला उत्तर देणे मात्र भाग होते. आम्ही, म्हणजे संगणक कक्ष सांभाळणारे दोन शिक्षक आणि फलक करणारी सहा मुले, विश्वस्तांकडून आणि त्या आईंकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली. यंत्रात काही दोष नव्हता, केबलमध्येही नव्हता. दोष आमच्या प्रोग्रॅममध्ये होता. तो कसा सापडला आणि कसा काढला, ते या पाठात सांगत आहोत. पुढे तुमच्यापैकी कोणी खेळ करील, कोणी घड्याळ करील, कोणी दुकानाचा हिशेब दाखवणारी खिडकी करील, तेव्हा हाच दोष तुमच्याही वाट्याला येणार आहे.

आधी त्या आईंची काळजी कितपत रास्त होती ते पाहू. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या व्यंगचित्र मालिकेचा एक भाग दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. त्यातल्या एका दृश्यात लाल आणि निळा रंग काही सेकंद अतिशय वेगाने आलटूनपालटून लखलखले. त्या संध्याकाळी सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले आणि मालिका चार महिने बंद ठेवावी लागली. आकडीचा विकार असलेल्या बहुतेकांना लखलखाटाने काही होत नाही, थोड्यांनाच होते. पण कोणाला होईल हे बाहेरून सांगता येत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ मध्ये संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या बाबतीत एक आकडाच दिला आहे: कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखाट होता कामा नये. सूट फक्त दोन प्रसंगी आहे. लखलखणारा भाग अगदी लहान असेल तर, किंवा उजेड आणि काळोख यांतला फरक थोडा असेल तर. आमचा फलक सेकंदाला दहा वेळा उघडझाप करत होता आणि लखलखणारा भाग म्हणजे पूर्ण भिंत. नियम संकेतस्थळांसाठी लिहिलेला असला, तरी सभागृहातल्या भिंतीकडे पाहणारे डोळे काही वेगळे नसतात.

खिडकीला चित्र आठवत नाही

संगणकाच्या पडद्यावर प्रोग्रॅमची जी खिडकी उघडते, तिच्यातले चित्र एकदा काढून भागत नाही. खिडकी लहान-मोठी केली, बंद करून पुन्हा उघडली, किंवा आतला आकडा बदलला, की चित्राचा तेवढा भाग शिळा होतो. मग विंडोजकडून प्रोग्रॅमला निरोप येतो, की तुझ्या खिडकीचा अमुक चौकोन शिळा झाला आहे, तो पुन्हा काढ. प्रोग्रॅमला स्वतःहूनही सांगता येते, की माझा हा चौकोन शिळा झाला. आमच्या प्रोग्रॅममध्ये दर दशांश सेकंदाला हेच होत होते, कारण उलटी मोजणी दशांशांत दाखवायची होती.

निरोप आल्यावर दोन पायऱ्या होतात. पहिल्या पायरीत तो भाग पार्श्वभूमीच्या रंगाने पुसला जातो. दुसरीत त्यावर नवे चित्र काढले जाते. सगळी गोम या दोन पायऱ्यांमधल्या वेळात आहे. पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे दर १६-१७ मिलिसेकंदांनी समोर जे असेल ते दाखवतो. पुसून झाले आहे, काढून झालेले नाही, अशा क्षणी त्याची पाळी आली तर तो रिकामी पार्श्वभूमीच दाखवणार. प्रोग्रॅम अर्धवट कामात आहे याच्याशी पडद्याला काही देणेघेणे नसते.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भोवली. फलकामागे आम्ही स्नेहसंमेलनाच्या रोषणाईतला शाळेच्या इमारतीचा फोटो ठेवला होता. गडद निळे आकाश, मध्ये दिव्यांच्या माळा. फोटो सुंदर आहे. पण विंडोजच्या खिडकीचा मूळ रंग फिकट करडा असतो आणि पुसण्याचे काम त्याच रंगाने होते. म्हणजे भिंतीवर सेकंदाला दहा वेळा गडद निळा, फिकट करडा, पुन्हा गडद निळा असा खेळ चालला होता. आम्ही पहिल्याच दिवशी खिडकीचा मूळ रंग बदलून गडद निळा केला. दोष गेला नाही, पण झळ बरीच कमी झाली. घाईत असाल तर हा प्रथमोपचार म्हणून लक्षात ठेवा.

आमच्या सहा मुलांमधली एक मुलगी प्रवेशद्वाराजवळचा सुविचार फलक लिहिते. पुसणे आणि काढणे समजावून सांगत असताना ती म्हणाली, "सर, पण मी रोज सगळा फलक नाही पुसत. वरची नक्षी आणि शाळेचे नाव तेच असते. ओल्या फडक्याने तारीख आणि सुविचार तेवढा पुसते." आमच्या प्रोग्रॅममध्ये तारखेसाठी रोज सगळा फलक पुसला जात होता, इतकेच काय, त्यावरची नक्षीही रोज नव्याने काढली जात होती.

हळू केले तेव्हा दिसले

हे नुसते तर्काने मान्य करायचे नाही, डोळ्यांनी पाहायचे, असे ठरले. जी गोष्ट फार वेगाने घडते ती पाहायची असेल तर तिला मुद्दाम हळू करावे. आम्ही पुसणे आणि काढणे या दोहोंच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची विश्रांती घातली. मोजणीचे अर्थातच तीनतेरा वाजले, पण करडी खिडकी, मग फोटो, मग संघांची नावे, मग गुण, शेवटी आकडा, असे एकामागून एक उमटताना सगळ्यांनी पाहिले.

दुसरी युक्ती याहून उपयोगी ठरली. चित्र काढणारा भाग जेव्हा जेव्हा चालेल तेव्हा त्याने आधी आपल्या वाट्याचा चौकोन नव्याच रंगाने भरावा, अशी ओळ घातली. एकदा तांबडा, एकदा पिवळा, एकदा हिरवा. म्हणजे पडद्याचा कोणता भाग खरोखर पुन्हा काढला जातो ते रंग बदलल्यावरून कळते. मोजणी सुरू केली आणि पडद्यावर रंगपंचमीच झाली. दहा मिनिटांत ज्यांत अक्षरही बदलले नव्हते ती संघांची नावे सेकंदाला दहा वेळा रंग बदलत होती. प्रश्नमंजूषेत दोन संघ मराठी माध्यमाचे आणि दोन गुजराती माध्यमाचे होते, म्हणून नावे दोन्ही लिप्यांत होती. ती आठही नावे दर वेळी नव्याने मांडली जात होती.

याच तपासात खरा वेळखाऊ भाग हाती लागला, तो म्हणजे फोटो. मूळ फोटो ३२६४ बाय २४४८ ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे ८० लाख ठिपक्यांचा. आमची खिडकी १०२४ बाय ७६८ची. प्रोग्रॅम दर वेळी तो ८० लाखांचा फोटो लहान करून खिडकीत बसवत होता, सेकंदाला दहा वेळा. पुसणे आणि काढणे यांमधली फट त्यामुळेच इतकी रुंद झाली होती. उपाय साधा होता. कार्यक्रम सुरू होताना फोटो एकदाच हव्या त्या मापाचा करून ठेवायचा आणि पुढे तोच वापरायचा. हे करायला एका मुलाला दहा मिनिटे लागली. नवे यंत्र आणले असते तर त्याने हेच अनावश्यक काम जरा लवकर केले असते.

शिळे तेवढेच काढावे

आता मुख्य उपाय. विंडोजसाठी सी-शार्प भाषेत खिडकीचा भाग शिळा झाला असे सांगण्याची आज्ञा इनव्हॅलिडेट ही आहे. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत लिहायची असते, येथे उच्चाराप्रमाणे देत आहोत. ही आज्ञा नुसती लिहिली तर सगळी खिडकी शिळी ठरते. तिला चौकोनाचे माप दिले तर तेवढाच चौकोन शिळा ठरतो. आमच्या मुलांनी ती नुसती लिहिली होती.

हिशेब करून पाहा. पूर्ण खिडकी म्हणजे १०२४ गुणिले ७६८, अर्थात ७,८६,४३२ ठिपके. मोजणीचा आकडा ज्या चौकटीत येतो ती २४० बाय ९६ची, म्हणजे २३,०४० ठिपके. एका आकड्यासाठी आम्ही सुमारे ३४ पट जागा पुसत होतो.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला असा, की चौकोन दिला म्हणजे त्याबाहेर काढलेले काहीही विंडोज पडद्यावर येऊ देत नाही, पण तुमचा प्रोग्रॅम ते काढण्याची मेहनत करतच असतो. म्हणून चित्र काढणाऱ्या भागाने आपल्याला कोणता चौकोन दिला आहे ते आधी पाहावे आणि त्यात न येणाऱ्या गोष्टींना हात लावू नये. दुसरा बारकावा रिफ्रेश या आज्ञेचा. इनव्हॅलिडेट केल्यावर विंडोज लगेच धावत नाही. हातातली इतर कामे संपली की तोवर साठलेले सगळे शिळे भाग एकदम काढायला सांगते. रिफ्रेश मात्र ताबडतोब सगळे काढायला लावते. एका मुलाने गुण बदलताना तीन ठिकाणी रिफ्रेश लिहिले होते, "म्हणजे नक्की दिसेल" म्हणून. एका बदलासाठी तीनदा पुसून तीनदा काढणे होत होते. तिन्ही काढून टाकले, गुण तरीही दिसले.

दुसऱ्या दिवसाच्या शेवटी भिंत शांत झाली. उघडझाप मधल्या चौकटीपुरती उरली. लखलखणारा भाग लहान झाला, म्हणून चिठ्ठीला अर्धे उत्तर मिळाले असे म्हणता आले असते. पण मोजणी सुरू असताना सभागृहातली प्रत्येक नजर त्या चौकटीवरच असते.

मग मुलांनी विचारले, पुसायचेच नाही असे केले तर? पुसण्याची पायरी बंद करता येते. ती बंद केली आणि १०.० वर ९.९ येऊन बसले. आधीचा आकडा पुसलाच नव्हता, त्यामुळे दोन्ही एकमेकांत गुंतले, आणि पाच सेकंदांत चौकटीत नुसता गिचमिडा झाला. पालकांपैकी ज्यांनी जुन्या विंडोजवर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ खेळला आहे, त्यांना डाव जिंकल्यावर पडद्यावर उसळ्या मारत जाणारे पत्ते आणि त्यांच्या मागे उरणाऱ्या पत्त्यांच्या रांगा आठवतील. १९९० मध्ये विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या त्या खेळात न पुसण्याचीच शोभा केली होती. आम्हाला मात्र आकडा वाचता यायला हवा होता.

म्हणून नियम असा, की आपण नंतर प्रत्येक ठिपका झाकणार असू तरच पुसण्याची पायरी गाळावी. चौकटीला आम्ही एकसारखा गडद रंग दिला, दर वेळी आधी तो भरायचा आणि वर आकडा काढायचा. फरक पडला, पण पूर्ण नाही. कारण उघड आहे. रंग भरणे हे आपण स्वतः केलेले पुसणेच आहे. पुसणे आणि काढणे यांमध्ये फट आहे तोवर पडदा कधी ना कधी त्या फटीत सापडणारच.

मागचा फलक

फट बंद करायची असेल तर काम पडद्यासमोर करायचेच नाही. सुविचार लिहिणाऱ्या मुलीला जर दोन फलक दिले, तर ती वर्गात बसून दुसऱ्या फलकावर सावकाश पुसून, आखून, लिहून पूर्ण करील आणि मग दाराशी जाऊन फलक बदलील. येणाऱ्या-जाणाऱ्याला अर्धा लिहिलेला सुविचार कधीच दिसणार नाही. संगणकातही स्मृतीमध्ये पडद्याच्या मापाचा एक अदृश्य पडदा ठेवतात, पुसणे-काढणे त्यावर करतात आणि पूर्ण झालेले चित्र एका झटक्यात समोरच्या खिडकीवर उतरवतात. याला डबल बफरिंग म्हणतात. आम्ही त्याला मागचा फलक म्हणू लागलो.

ठिपक्यांचा आख्खा चौकोन एकदम उचलून दुसरीकडे ठेवण्याची ही क्रिया फार जुनी आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो नावाचा संगणक तयार झाला. त्यावर काम करताना डॅन इंगल्स यांनी १९७५ मध्ये ती तयार केली आणि तिला बिटब्लिट हे नाव पडले. विंडोजमध्ये आजही त्या नावाची आज्ञा आहे.

मग पूर्वीपासून सगळे हेच का करत नव्हते? जागा नव्हती म्हणून. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा आणि काळा-पांढरा होता. एका ठिपक्याला एक बिट धरले तर त्याला २१,८८८ बाइट लागतात. संगणकाची सगळी स्मृती होती १२८ किलोबाइट. त्यातून पडद्याची आणखी एक प्रत ठेवायची म्हणजे घरात आधीच जागा नसताना दुसरे कपाट आणण्यासारखे होते. म्हणून त्या संगणकासाठी बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेल्या क्विकड्रॉमध्ये शिळ्या भागाचा नेमका आकार धरून ठेवण्यावर भर होता, मग तो आकार कितीही वेडावाकडा असो. आज आमच्या खिडकीच्या मागच्या फलकाला ७,८६,४३२ गुणिले ४, म्हणजे ३१,४५,७२८ बाइट लागतात. बरोबर तीन मेगाबाइट. आपल्या कक्षातल्या सर्वांत जुन्या यंत्रालाही ते जाणवत नाही.

आता एक कबुली. सी-शार्पमध्ये २००५ पासून हे सगळे एका ओळीत होते. खिडकीचा डबलबफर्ड हा गुणधर्म खरा करायचा. आमच्यातल्या एका मुलाने ती ओळ पहिल्याच दिवशी शोधून घातली होती, आणि काहीच फरक पडला नव्हता. त्यामुळे ती ओळ निरुपयोगी आहे असा सगळ्यांचा ग्रह झाला. फरक का पडला नाही ते तिसऱ्या दिवशी रंगांच्या युक्तीनेच कळले. विंडोजमध्ये खिडकीच्या आतली प्रत्येक चौकट, प्रत्येक बटण, प्रत्येक नामपट्टी ही स्वतःच एक लहान खिडकी असते. मोठ्या खिडकीला दिलेला मागचा फलक तिच्यातल्या लहान खिडक्यांना मिळत नाही. मोजणी होती पॅनेल नावाच्या आतल्या चौकटीत, आणि तिला तो बाहेरून देताही येत नाही. त्यासाठी पॅनेलपासून आपली स्वतंत्र चौकट तयार करून आतून द्यावा लागतो.

नामपट्ट्यांची गंमत आणखी वेगळी होती. मागचा फोटो दिसावा म्हणून मुलांनी त्या पारदर्शक ठेवल्या होत्या. खरी पारदर्शकता तेथे नसते. पारदर्शक पट्टी आपल्या मागच्या खिडकीला म्हणते, माझ्यापुरती तुझी पार्श्वभूमी काढून दे, आणि मग त्यावर आपली अक्षरे काढते. म्हणजे दर पट्टीमागे फोटोचे काम पुन्हा एकदा. आम्ही सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या. नावे, गुण आणि मोजणी हे सगळे एकाच खिडकीत स्वतः काढायचे ठरवले. त्या एका खिडकीला ती एक ओळ दिली, आणि उघडझाप थांबली.

एक सांगावेसे वाटते. फोटो दर वेळी लहान करण्याचे काम तसेच ठेवून नुसता मागचा फलक दिला असता, तरी उघडझाप दिसली नसती. आम्ही ते करून पाहिले. उघडझाप दिसेना, पण मोजणी ७.३ वरून एकदम ६.९ वर उडी मारू लागली, कारण यंत्र मागे बसून घाम गाळतच होते. म्हणून आधी अनावश्यक काम काढावे, मग शिळे तेवढेच काढावे, आणि मागचा फलक शेवटी द्यावा, असा क्रम आम्ही मुलांना वहीत लिहायला सांगितला.

काही पालकांनी विचारले, की नव्या विंडोजमध्ये हे प्रश्न सुटले नाहीत का? एक सुटला आहे. विंडोज एक्सपीच्या काळात एखादा प्रोग्रॅम अडकला, की त्यावरून दुसरी खिडकी ओढताना तिचे ठसे मागे उमटत राहत. २००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक खिडकीचे चित्र वेगळे सांभाळून ठेवू शकते आणि मग सगळी चित्रे एकत्र मांडते. २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून ही सोय बंदच करता येत नाही. त्यामुळे ते ठसे गेले. पण एका खिडकीच्या आत प्रोग्रॅमने आधी पुसले आणि मग काढले, तर मधल्या क्षणीचे रिकामे चित्र विंडोज तितक्याच इमानाने दाखवते.

पायथन शिकणाऱ्या आठवीच्या मुलांसाठी दोन वाक्ये. पायगेममध्ये मागचा फलक आधीपासूनच असतो. तुम्ही जे काढता ते फ्लिप किंवा अपडेट म्हटल्याशिवाय समोर येत नाही. तरीही तुमच्यापैकी निम्म्यांचा चेंडू लुकलुकतो, कारण तुम्ही पार्श्वभूमी भरल्यावर एकदा फ्लिप करता आणि चेंडू काढल्यावर पुन्हा एकदा. फ्लिप एका फेरीत एकदाच, सगळे काढून झाल्यावर.

चौथ्या दिवशी आम्ही मॉनिटरसमोर मोबाइल ठेवून सेकंदाला २४० चित्रे घेणारे चित्रण केले आणि मोजणीच्या तीस सेकंदांपैकी दहा सेकंद एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. रिकामी चौकट एकाही चित्रात नव्हती. हे पाहताना भलतीच गोष्ट ध्यानात आली. चुकीचे उत्तर आले की पूर्ण फलक लाल-पांढरा, लाल-पांढरा असा सेकंदाला पाच वेळा चमकावा, अशी सोय एका मुलाने हौसेने केली होती. तालमीत कोणाचे उत्तर चुकलेच नव्हते, त्यामुळे ती कोणी पाहिली नव्हती. हा प्रोग्रॅमचा दोष नव्हता, ती सजावट होती, आणि कोणत्याही मागच्या फलकाने ती थांबली नसती. मुलगा थोडा हिरमुसला. आता चुकीच्या उत्तराला फलकाभोवती लाल चौकट येते आणि तीन सेकंद स्थिर राहते.

त्या आईंना आम्ही काय बदलले ते लिहून कळवले. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवले, नंतर मुलीसह दुसऱ्या तालमीला येऊन मागच्या रांगेत बसल्या आणि पूर्ण तालीम पाहिली. संघाच्या यादीत बदल करावा लागला नाही.

सरावासाठी: आपल्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये रंग बदलण्याची युक्ती घालून पाहा आणि न बदललेला किती भाग पुन्हा काढला जातो ते वहीत नोंदवा. नंतर त्या भागाचे ठिपके मोजून वरच्यासारखा हिशेब करा. फलकाचा प्रोग्रॅम, जुना आणि नवा दोन्ही, संगणक कक्षात ठेवला आहे. जुना प्रोग्रॅम चालवताना पार्श्वभूमी गडद निळीच ठेवावी, प्रोजेक्टर जोडू नये, आणि ज्यांना लखलखाटाचा त्रास होतो त्यांनी त्या वेळी बाहेर थांबावे. कक्ष शनिवारी मधल्या सुट्टीनंतर उघडा असतो.